पाचर, पाना आणि खिशातला चाकू

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचे धरण आहे. मातीचा हा बांध सहा किलोमीटरांहून अधिक लांब आहे आणि पायापासून मोजला तर सुमारे अडतीस मीटर उंच. वरच्या अंगाला येलदरीचे मोठे धरण. तिथे पाणी साठवायचे, त्यावर वीज काढायची, खाली नदीत सोडायचे आणि सिद्धेश्वरला पुन्हा अडवून कालव्यांत घालायचे, अशी ही जोडगोळी. दोन्ही धरणे १९६८ साली पुरी झाली. त्या वेळी हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.

धरण म्हणजे मोठे काम, त्याला मोठी यंत्रे आणि हजारो हात लागतात, हे सांगायला नको. पण मंडळी, आज बोलायचे आहे ते कालव्याला पाणी आल्यानंतरच्या गोष्टीविषयी. पाण्यामागोमाग शिवारात यंत्र आले. आधी इंजिन आले, मग विजेचा पंप आला, फवारणीचा पंप आला, ट्रॅक्टर आला. आणि यंत्र आले की त्याच्या पाठोपाठ बिघाड येतो. गव्हाला ओंबी धरायची वेळ आहे, पाणीपाळी दोन दिवसांची आहे आणि नेमका तेव्हाच पंप नुसता घरघरतो, पाणी उचलत नाही. मिस्त्री तालुक्याच्या गावी. तो यायचा उद्या, नाहीतर परवा. शेतकऱ्याच्या खिशात पाहिले तर एक चाकू, फार तर एखादा पाना आणि सुतळीचा तुकडा.

एवढ्यावर काम निभेल का? कधी निभते, कधी नाही. ते कशावर ठरते, हा आजचा प्रश्न. आपण सहसा म्हणतो की माणूस हुशार असला की निभते. हुशारी लागतेच. पण इतिहासात थोडे मागे गेले तर दिसते की हुशारीइतकीच आणखी एक गोष्ट लागते. जी वस्तू दुरुस्त करायची, ती लहान हत्याराला उघडेल अशी घडवलेली असावी लागते. किल्ली कितीही चांगली असो, कुलूप तिच्या बेताचे नसेल तर ती काय करणार?

आपल्याच भागातले जुने उदाहरण घेऊ. औंढ्याचे नागनाथाचे देऊळ आपण पाहिले असेल. खालचा भाग काळ्या घडीव दगडाचा, कोरीव कामाने भरलेला. वरचा भाग निराळ्या घडणीचा, मागाहून केलेल्या दुरुस्तीचा. ही दुरुस्ती अहिल्याबाई होळकरांनी केली असे परंपरा सांगते. शाळेतल्या मुलांना तिथे न्याल तेव्हा मूर्तींबरोबर दगडांचे सांधेही दाखवा. देवगिरीच्या यादवांच्या काळातल्या या बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो. तिची खूण अशी की दगडावर दगड बसतो तो चुन्याच्या भरवशावर नव्हे, तर खाच आणि खुंटी यांच्या भरवशावर. छिन्नी, हातोडा, गुण्या आणि ओळंबा एवढ्या चार वस्तूंनी माणूस असे सांधे घडवू शकतो. दगड उचलायला मात्र पहार, दोर आणि माणसे हवीत. काम अवाढव्य, पण त्याचा प्रत्येक सांधा हाताच्या मापाचा.

हीच गोष्ट बैलगाडीत अधिक स्पष्ट दिसते. गाडी म्हणजे गावातले सर्वांत अवघड यंत्र होते. चाकाचा मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेले बाकदार तुकडे आणि त्या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढवणे हा तर पाहण्यासारखा सोहळा असे. गोवऱ्या रचून तिच्यात धाव लाल करायची, सांडशींनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड तापले की पसरते, निवले की आक्रसते, हा पदार्थविज्ञानाचा पाठ गावच्या लोहाराने पुस्तकाशिवाय गिरवला होता. उन्हाळ्यात लाकूड सुकून चाक खिळखिळे झाले, तर शेतकरी चाके काढून नदीच्या डोहात भिजत घाली. लाकूड फुगले की सांधे पुन्हा घट्ट. या दुरुस्तीला हत्यारच नाही! आखाच्या टोकाची खीळ काढली की चाक हातात येते, म्हणून हे शक्य होते.

बाकीच्या सांध्यांत पाचर असे. नांगराला, वखराला, तिफणीला, जुवाला, जिथे दोन लाकडे भेटतात तिथे लहानशी पाचर. ढिले झाले की ठोकायची, नांगराचा कल बदलायचा तर काढून दुसरी घालायची, झिजली तर बाभळीच्या फांदीची नवी तासायची. नांगराचा फाळ लोखंडी वसूने धरलेला. वसू मागे सारली की फाळ सुटतो आणि लोहाराकडे शेवटायला नेता येतो. सुतार शेतावर येई तेव्हा त्याच्या खांद्याला बहुधा एक वाकस असे. वाकसाचे रूप जरा निरखून पाहण्यासारखे आहे. एका अंगाला तासायचे धारदार पाते, दुसऱ्या अंगाला ठोकायचा बोथट माथा. पात्याने पाचर तासायची, हात फिरवून माथ्याने ती ठोकायची. एका दांड्याला दोन हत्यारे. आज दुकानांत अनेक कामांचे एकच हत्यार म्हणून जे मिळते, त्याचा हा गावठी वडीलभाऊच म्हणायचा.

चांभाराचीही तीच रीत. विहिरीवरची चामड्याची मोट भर हंगामात फाटली तर आरी, रापी आणि वादी एवढ्यावर ती विहिरीच्या काठी शिवून होई. घिसाड्यांचे बिऱ्हाड गावाबाहेर उतरे, तेव्हा भाता, ऐरण, घण आणि सांडशी एवढ्या सामानात फिरता लोहारखाना उभा राही. विळ्या-खुरप्यांना पाणी देऊन ते पुढच्या गावाला जात.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गांवगाडा’ हे पुस्तक १९१५ साली निघाले. बलुतेदारीची रचना ज्यांना नीट समजून घ्यायची आहे त्यांनी ते वाचावे. आत्र्यांनी त्या रचनेचे दोष झाकलेले नाहीत. मीही झाकत नाही. सुतार, लोहार, चांभार यांच्या हातातले कसब जातीला बांधलेले होते. खळ्यावर मिळेल त्या पसाभर धान्यावर वर्ष काढायचे, दुसऱ्याच्या औताची पाचर पहाटे उठून ठोकायची, आणि मान मात्र बेताचाच. चांभाराच्या हातची मोट चाले, पण ती ज्या विहिरीवर चाले तिथल्या पाण्याला त्याने शिवायचे नाही, असा तो काळ. तो परत यावा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. फक्त त्या काळच्या वस्तू उघडता येण्याजोग्या होत्या, एवढी एक गोष्ट तिथून उचलून पुढे न्यायची आहे.

आता खिशाकडे वळू. आपल्याकडे पूर्वी खिसा नव्हता, चंची होती. तीत कप्पे असत. पान, सुपारी, चुन्याची डबी, तंबाखू आणि अडकित्ता. काहींजवळ चकमकीचा दगड, पोलादाचा तुकडा आणि कापूस, म्हणजे रानात विस्तव. बऱ्याच जणांच्या करदोट्याला किंवा जानव्याला एका कडीत अडकवलेले दातकोरणे, कानकोरणे आणि काटा काढायचा चिमटा असे. बाभळीच्या मुलखात अनवाणी चालणाऱ्याला हा चिमटा किती मोलाचा, हे ज्याच्या टाचेत काटा मोडला त्याला विचारा. अंगावर बाळगता येईल असे, पण अनेक कामांचे साधन हवे, ही गरज इतकी जुनी आहे.

ती गरज एकट्या आपल्याच लोकांना वाटली असे नाही. इंग्लंडात केंब्रिज येथील फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन लोकांची एक वस्तू ठेवली आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली. चांदीच्या एका मुठीत दुमडणारा चमचा, काटा, सुरी, टोच्या, पसरट पाती आणि एक बारीक टोकदार आकडी. चांदी टिकली, सुरीचे लोखंड गंजून गेले. मोठ्या प्रवासाला निघालेल्या कोणा धनवान रोमनाची ती असावी असे जाणकार मानतात. पण ही जेवणाच्या ताटावरची सोय. यंत्र उघडण्यासाठी खिशातले हत्यार तयार झाले ते पुढे सोळाशे वर्षांनी, आणि त्याची कथा आपल्या प्रश्नाला फार उपयोगी आहे.

स्वित्झर्लंड हा डोंगराळ, लहान देश. १८८९ साली तिथल्या सैन्याने नवी बंदूक स्वीकारली. श्मिट-रुबिन असे तिचे नाव. ती साफ करण्यासाठी खोलायची तर स्क्रू फिरवावा लागे. शिवाय सैनिकांना डब्यात बंद केलेले अन्न मिळू लागले होते. डबा फोडायलाही काही हवे. तेव्हा सैन्याने ठरवले की प्रत्येक शिपायाला एक दुमडता चाकू द्यायचा. त्यात चार वस्तू: पाते, भोक पाडायचा टोच्या, डबा उघडणी आणि स्क्रू फिरवायची पट्टी. मूठ काळपट ओक लाकडाची. १८९१ साली हा चाकू सैन्यात आला. गंमत अशी की इतके चाकू एकदम करून देणारा कारखाना त्या देशात तेव्हा नव्हताच. पहिले पंधरा हजार चाकू जर्मनीतल्या झोलिंगेन गावाहून आणावे लागले.

इबाख नावाच्या गावी कार्ल एल्सनर हा चाकू करणारा कारागीर होता. १८८४ साली त्याने आपला कारखाना काढला होता. आपल्या शिपायाच्या खिशात परक्या देशाचा चाकू असावा हे त्याला रुचले नाही. त्याने इतर कारागिरांना एकत्र केले आणि १८९१ अखेरीला स्वतः चाकू पुरवायला लागला. जर्मन कारखाने स्वस्त माल देत. त्यांच्याशी टक्कर देताना एल्सनरचे दिवाळे वाजायची वेळ आली. पण तो चिवट निघाला. एकाच कमानीवर दोन्ही बाजूंची पाती दाबून धरायची युक्ती त्याने काढली, त्यामुळे चाकू जाड न करता त्यात अधिक हत्यारे मावू लागली. १२ जून १८९७ रोजी त्याने अधिकाऱ्यांसाठी केलेला हलका चाकू नोंदवला. १९०९ साली त्याची आई वारली, तेव्हा तिचे व्हिक्टोरिया हे नाव त्याने कारखान्याला दिले. पुढे १९२१ साली न गंजणारे पोलाद आले, त्याच्या ‘इनॉक्स’ या फ्रेंच नावाची जोड मिळून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव झाले.

लोक या गोष्टीत चाकूचे कौतुक करतात. मला मात्र बंदुकीचे कौतुक वाटते. शिपायाच्या खिशातल्या पट्टीने खोलता येईल अशी ती बंदूक होती, आणि सगळ्या बंदुका एकाच नमुन्याच्या होत्या. चाकू आणि बंदूक एकमेकांच्या मापाने ठरवले गेले. बंदुकीचे स्क्रू दहा तऱ्हांचे असते तर तो चाकू सुपारी कातरण्यापलीकडे कशाला आला असता?

स्क्रू एका मापाचे असावेत ही गोष्ट आज साधी वाटते, पण ती आपोआप झालेली नाही. पूर्वी प्रत्येक कारखाना आपापल्या मनाने आटे पाडी. एका बोल्टची नट दुसऱ्याला बसत नसे. हरवली तर नवी करून घ्यावी लागे. इंग्लंडातल्या जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने १८४१ साली मांडले की आट्यांचा कोन पंचावन्न अंशांचा एकच असावा आणि बोल्टच्या जाडीप्रमाणे एका इंचात किती आटे हेही ठरलेले असावे. हळूहळू कारखान्यांनी आणि रेल्वे कंपन्यांनी ते मानले. तेव्हापासून एका गावच्या पान्याने दुसऱ्या गावचे यंत्र उघडू लागले. आपल्याकडे वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने-मापे यायला लागली. इंच गेला, मिलिमीटर आला. पण गेला म्हणजे पुरता गेला का? आजही सळईचे माप विचारा, दुकानदार “चार सूत, सहा सूत” असेच सांगेल. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आणि त्याच दुकानात गॅरेजचा पोरगा “दहा-अकराचा पाना दे” म्हणतो, ते मिलिमीटर. दोन्ही काळ एका फळीवर नांदत आहेत. जुन्या इंजिनाला नवा पाना लावून नटचे कोपरे गोल करून ठेवलेले आपण पाहतो, त्यामागे हा इतिहास आहे.

पाचरीकडून पान्याकडे आपला शेतकरी कसा आला, हे पाहायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण काढावी लागते. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि बसायलाही शिकवायचे. तिथून ते लोखंडी नांगराकडे वळले. १९०३ साली नांगर तयार झाला. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. ही समजूत आपण हसण्यावारी नेतो. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार होता, बांधावर बाभूळ होती. हा लोखंडाचा मोडला तर कोणाच्या दारी जायचे? विषाच्या भीतीमागे ही भीतीही दडलेली असावी, असे माझे मत आहे. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि मग लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेला. त्याचे भाग नटबोल्टांनी जोडलेले; झिजलेला भाग काढून नवा घालायचा. पाचरीची जागा बोल्टने घेतली, आणि वाकसाच्या शेजारी पाना येऊन बसला.

सायकलीचेच बघा ना. डाकवाला, दूधवाला, शाळामास्तर, सगळ्यांचे हे वाहन. तिच्याबरोबर एक चपटा, डमरूच्या आकाराचा पाना मिळे. दोन्ही गोल टोकांना वेगवेगळ्या मापांची भोके. बारा आण्यांची वस्तू असेल, पण चाक, पायडल, बैठक, दांडा, जवळजवळ सगळी सायकल त्या एकट्याने ढिली-घट्ट होई. चाक पंक्चर झाले तर टायर काढायला दोन चमच्यांचे दांडेही चालत. सायकलीची नटे मोजक्या मापांची ठेवणाऱ्याने हे शहाणपण केले होते. शिक्षक मित्रांनी एक प्रयोग करून पाहावा. जुनी सायकल वर्गापुढे उभी करा आणि तिच्यात निरनिराळ्या मापांची किती नटे आहेत ते मुलांना मोजायला सांगा. मग एखादे नवे विजेचे खेळणे किंवा बंद पडलेला मोबाइल तसाच उघडायला सांगा. मुले पाच मिनिटांत जे शिकतील ते माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने शिकणार नाहीत.

खिशातल्या चाकूत एक उणीव होती. त्याला पकड नव्हती. ती भरून काढली टिम लेदरमन या अमेरिकन तरुणाने. १९७५ साली तो आणि त्याची बायको जुन्या फियाट गाडीतून युरोप आणि पश्चिम आशिया हिंडत होते. गाडी वारंवार रुसे, स्वस्त खानावळींचे नळ गळत. त्याच्याजवळ चाकू होता. पण नट धरायला, तार पिळायला पक्कड हवी, ती नव्हती. घरी परतल्यावर काही वर्षे खपून त्याने पकडीच्या दांड्यांतच पाती दुमडून बसतील असे हत्यार केले. १९८० साली त्याला पेटंट मिळाले, १९८३ पासून ते विकायला आले. आज आपल्या आठवडी बाजारातही त्याच्या नकला मिळतात. बहुतेकांचे पोलाद कच्चे असते. जोर लावला की पक्कड वाकते आणि बोटे चेमटतात. घ्यायची झाली तर आधी खिळा धरून पिळून पाहावा.

अशा चाकूने अंतराळातही दार उघडले आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘अटलांटिस’ हे अमेरिकन यान रशियाच्या ‘मीर’ या अंतराळस्थानकाला जाऊन भिडले. दोन्ही देशांचे सर्वोत्तम इंजिनिअर या कामामागे होते. स्थानकाकडचे दार मात्र इतके पक्के बांधून-चिकटवून ठेवलेले की उघडेना. कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड यांनी खिशातला स्विस चाकू काढला आणि बांधलेले कापून, उचकटून ते दार मोकळे केले. आपल्याकडे कुलूप हरवले की कडी उचकटतात, तसाच हा प्रकार. फक्त जमिनीपासून चारशे किलोमीटर वर.

आता आपल्या पंपाकडे येऊ. त्याला आपण घरघरत ठेवून आलो आहोत. पाणी उचलत नाही म्हणजे काय होते, हे आधी नीट समजले पाहिजे. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण खरे तर तो नळीतली हवेची दाबणी कमी करतो आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाब देऊन ते वर चढवते. हा दाब फार तर दहा मीटर पाणी तोलू शकतो. व्यवहारात सहा-सात मीटरच धरावे. नळीत कुठूनही हवा शिरली की खेळ खलास. म्हणून बिघाड शोधायचा तो हवेच्या वाटेने. मोटर बंद करा. वरच्या तोंडातून नळीत पाणी भरा आणि थोडे थांबा. पाणी खाली उतरत गेले तर खालचा फुटव्हॉल्व्ह गळतो आहे. आपल्याकडे त्याचा ‘फुटबॉल’ झाला आहे, हरकत नाही. त्यातली चामड्याची किंवा रबराची झडप चिरली असेल किंवा तिच्यात काडी अडकली असेल. काडी असेल तर काम मिनिटाचे. झडप चिरली असेल तर तिच्यावरून माप घेऊन तेवढ्याच जाडीच्या रबराचा तुकडा चाकूने कापता येतो. पाणी टिकून राहिले आणि तरी पंप उचलत नसेल, तर सांधे पाहा. पंप चालू असताना सांध्यावर ओली चिकणमाती लिंपली आणि पाणी यायला लागले, तर हवा तिथूनच शिरत होती. तिथे जुन्या ट्यूबची चकती कापून घालायची, बोल्ट आवळायचे. पंपाच्या दांड्याभोवती जी वळलेली दोरी भरलेली असते ती सुकली असेल, तर तिथूनही हवा शिरते.

या सगळ्यात हत्यार लागले ते चाकू आणि एक पाना. पंप करणाऱ्याने झडप बोल्टांनी बसवली, चिकटवून टाकली नाही, म्हणून हे जमले.

इथे थोडे थांबून एक ताकीद देतो, कारण या बाबतीत दरवर्षी माणसे जातात. चाकूची कामगिरी पाण्याच्या बाजूला. विजेच्या बाजूला ती नाही. स्टार्टर, फ्यूज, मोटरच्या तारा यांना ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभे राहून, चाकूच्या पात्याने हात घालू नये. वरून स्विच बंद केला म्हणजे वीज गेली, असेही धरू नये. भारनियमनात गेलेली वीज मध्येच परत येते आणि स्विच चालू राहिला असेल तर घात होतो. एका फेजच्या मोटरीत जो कपॅसिटर असतो, त्यात वीज बंद झाल्यावरही झटका शिल्लक असतो. तिथे पाळी चुकली तरी चालेल. वायरमनची वाट पाहावी.

हे झाले उघडणाऱ्या यंत्राचे. पण अलीकडच्या यंत्रांचे सांधे पाहिले तर काय दिसते? बोल्टच्या जागी डिंक, साध्या स्क्रूच्या जागी पाच पाकळ्यांचा स्क्रू आणि काही ठिकाणी सांधाच नाही, सगळे एकसंध ओतलेले. ट्रॅक्टरमध्ये आता संगणक असतो. भाग बदलला तरी कंपनीच्या माणसाने येऊन त्या संगणकाला ‘हा भाग मान्य कर’ असे सांगितल्याशिवाय काही यंत्रे चालत नाहीत. अमेरिकेतले शेतकरी याने जेरीस आले. कापणीच्या दिवसांत यंत्र शेतात उभे, आणि खोलायचा हक्क मालकाला नाही. बरीच वर्षे भांडल्यावर जानेवारी २०२३ मध्ये जॉन डिअर कंपनीने तिथल्या शेतकऱ्यांच्या मोठ्या संघटनेशी दुरुस्तीची माहिती व साधने देण्याचा करार केला. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने कायदा केला. शेतीच्या यंत्रांच्या मालकाला दुरुस्तीचे सुटे भाग, साधने आणि माहितीपुस्तके मिळालीच पाहिजेत, असे त्यात आहे. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिने पहिल्याने हाती घ्यायची जी क्षेत्रे ठरवली त्यांत शेतीची यंत्रे आहेत, मोबाइल आहेत, घरगुती उपकरणे आहेत आणि वाहने आहेत. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संगणकावर एक दालन उघडले. तिथे कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एका जागी मिळावी असा हेतू आहे. शाळेत संगणक आहे तिथल्या शिक्षकांनी ते गावकऱ्यांना उघडून दाखवावे.

आणि बाजारात नवा पंप किंवा फवारा घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. हा कोणत्या मापाच्या पान्याने खुलतो? झडप, चकती, दोरी हे झिजणारे भाग सुटे मिळतात का, आणि ते हिंगोलीत मिळतात की पुण्याहून मागवावे लागतात? आतल्या भागांचे चित्र असलेले पुस्तक मराठीत आहे का? दुकानदार कुरकुरेल. तरी त्याच्यासमोरच एक नट सोडवून आणि पुन्हा आवळून पाहा.